तांदळातली रिकामी जागा

१

खंडेनवमीला आमच्याकडे पूजेला काय बसेल याचा नेम नाही. अमेरिकेत, शुगर लँडला घर घेतल्यापासून मी दरवर्षी जेवणघराच्या कोपऱ्यात, देव्हाऱ्याखाली, अमरावतीहून बॅगेत घालून आणलेला पाट मांडते. त्यावर लाल कापड, कापडावर तांदूळ पसरायचे आणि तांदळावर घरातली हत्यारं. तलवारी कुठून आणणार? म्हणून सुशांतचा स्क्रू-ड्रायव्हरचा सेट, माझी शिवणाची कात्री, भाजीची सुरी, गाडीच्या किल्ल्या आणि इलाचा कॅलक्युलेटर. एका वर्षी सुशांतने टीव्हीचा रिमोट ठेवला आणि वर म्हणाला, "या घरात सगळ्यात जास्त लढाया याच्यासाठी होतात." मी त्यालाही हळद-कुंकू वाहिलं.

या वर्षी त्याने पिस्तूल ठेवलं.

उन्हाळ्यात आमच्या रस्त्यावर एका घरी भर दुपारी चोर शिरले होते. सुशांत तेव्हा साइटवर, मिडलंडला, आणि घरी मी आणि इला. चोर आमच्या घराकडे फिरकलेही नाहीत, पण तो आला तो पिस्तूल घ्यायचंच ठरवून आला. मी महिनाभर कटकट केली. नंतर लॉकर आला, त्यात ते गेलं आणि मी बोलायची थांबले. पूजेत ठेवताना त्याने वरचा सरकता भाग मागे ओढून सोडला. खर्रक्, खट. "बघ, रिकामं आहे," तो म्हणाला आणि नळी भिंतीकडे करून त्याने ते तांदळात आडवं ठेवलं. या बाबतीत तो फार काटेकोर. रिकामं असलं तरी नळी माणसाकडे करायची नाही म्हणतो.

इला दहावीत आहे. ती दारातच थांबली. "आई, आमच्याकडे शाळेत याच्यासाठी ड्रिल्स होतात. लाइट बंद करून बाकांखाली बसतो आम्ही. अँड यू आर पुटिंग फ्लॉवर्स ऑन इट?"

"पूजा वस्तूची नसते, तिच्यातल्या शक्तीची असते," मी म्हणाले. माझी आई म्हणायची तेच.

"दॅट्स वर्स," ती म्हणाली.

मला राग आला. सणासुदीला वाद नको होता, निरांजन विझत होतं, गॅसवर पुरणाचं होतं. मी तिच्या मानेवर हात ठेवला आणि तिला वाकवलं. तिचं कपाळ पाटाला टेकलं. उठली तेव्हा तिच्या कपाळाला तांदळाचे दोन दाणे चिकटले होते आणि डोळ्यांत पाणी होतं. मी दाणे झटकले. तिला जवळ घ्यायला हवं होतं, ते राहून गेलं.

२

पूजेला बसलेली वस्तू दसऱ्याच्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत हलवायची नाही, एवढं तरी आमच्याकडे पाळतात. पण त्याच संध्याकाळी सुशांतच्या ऑफिसमधल्या अंकुरने शूटिंग रेंजवर जागा बुक केली होती.

"आज नको नेऊस," मी म्हणाले. "उद्या अक्षता वाहिल्या की ने."

"अगं, तो काय गणपती आहे का? कॅन्सल केलं तर अंकुर वैतागेल यार." आणि त्याने ते उचललं. त्याच्यावरचं झेंडूचं फूल पाटाखाली पडलं.

रेंजवर ते एकदाही धड चाललं नाही. एक गोळी सुटायची, दुसरी अडकायची. अंकुरने उघडून बघितलं तर आत हळद, कुंकू आणि एक अख्खा तांदूळ. तो हसून हसून लोळला म्हणे. सुशांतने घरी येऊन गॅरेजमध्ये सगळं सुटं केलं, पुसलं, तेल घातलं. पुढच्या वेळीही तेच. वॉरंटी होती, म्हणून कंपनीला फोन केला. त्यांनी कुरियरचं लेबल पाठवलं आणि दिवाळीच्या आसपास दुरुस्त होऊन थेट घरी येईल असं सांगितलं. डब्यात बंद होऊन ते गेलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

दसऱ्याला मी बाकीच्यांची उत्तरपूजा केली होती. कात्री, सुरी, किल्ल्या उचलल्या, त्यांच्या जागचे तांदूळ सारखे केले. पिस्तूल तेव्हा गॅरेजमध्ये सुटं पडलं होतं, म्हणून त्याची जागा मात्र तशीच ठेवली. तांदळात त्याचा स्वच्छ ठसा होता. मूठ, चापाभोवतीची कडी, नळी, सगळं. जे बसवलं ते उठवलंच नाही, तर पाट कसा उचलायचा? आता दुरुस्त होऊन आलं की क्षणभर त्या जागी ठेवू, अक्षता वाहू आणि आवरू, असं मी ठरवलं. सुशांत म्हणाला, "म्हणजे दिवाळीपर्यंत आपण या पाटाला वळसा घालून जेवायला बसायचं?"

"हो," मी म्हणाले.

३

मी एका दातांच्या डॉक्टरांचं बिलिंग घरून करते. दुपारी घरात मी एकटी असते. बाहेर ऑक्टोबर सरत आला तरी घामाच्या धारा, आत एसीची घरघर. जेवण झालं की मी जेवणघर पुसून घेते आणि कामाला बसते. त्या दुपारी पुसता पुसता पाटाशी आले आणि थांबले.

ठसा भिंतीकडे नव्हता. नळी जेवणाच्या टेबलाकडे होती.

आधी मला वाटलं, मलाच नीट आठवत नाही. पण पूजेचा फोटो फोनमध्ये होता. फोटोत नळी भिंतीकडे. संध्याकाळी मी सुशांतला दाखवलं. तो म्हणाला एसीची हवा नेमकी तिथेच पडते, नाहीतर आपला रोबो झाडू पाटाला धडकला असेल.

"झाडूने तांदूळ विस्कटतील. ठसा कसा फिरेल?"

"मृणाल, तांदूळ आहेत ते. इलाने हात लावला असेल."

इलाने मान वर न करता सांगितलं, "आय डिडन्ट टच युवर राइस."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः बोटाने तो ठसा मोडला आणि पूर्वीसारखा भिंतीकडे काढला. माझं काढलेलं उथळ होतं, जसं बोटाने काढल्यावर होईल तसं. त्यानंतरच्या दुपारी बघितलं तर ठसा पुन्हा खोल होता. दाणे कापडापर्यंत दाबले गेले होते, वर काहीतरी जड ठेवल्यासारखे. आणि नळी टेबलाकडे होती. टेबलाकडे म्हणजे, नीट बघितल्यावर कळलं, एका खुर्चीकडे. शाळेतून आल्यावर इला तिथे बसून अभ्यास करते.

मी स्वतःला पुष्कळ समजावलं. भूत-बीत मानणाऱ्यातली मी नाही. लहानपणी आमच्या गल्लीतल्या बायका कडुलिंबाखालून जायला घाबरायच्या, तेव्हा मी मुद्दाम तिथे जाऊन बसायचे. पण त्या संध्याकाळी मी इलाला म्हणाले, "आजपासून वर तुझ्या खोलीत बस अभ्यासाला."

"का?"

"इथे माझी कामं असतात."

ती पुस्तकं उचलून वर गेली. जाताना तिने पाटाकडे एकदा बघितलं, आणि माझ्याकडे. तिला वाटलं असणार, आई अजून रागावलेली आहे.

४

मग तो आवाज सुरू झाला.

आमच्या फ्रिजमध्ये बर्फ आपोआप पडतो. खडखड होते आणि पाठोपाठ ठक्. म्हणून पहिल्या वेळी मी लक्ष दिलं नाही. दुसऱ्यांदा ऐकल्यावर बर्फाचं बटण बंद केलं. तिसऱ्यांदा मी फ्रिजला पाठ टेकवूनच उभी होते, कॉफी ढवळत. आवाज समोरून आला, जेवणघराच्या कोपऱ्यातून. खर्रक्, खट. ओढून सोडल्याचा.

मी तिकडे गेले. पाट होता, तांदूळ होते. कोपऱ्यात मशीनच्या तेलाचा वास येत होता, गॅरेजमध्ये सुशांत ज्या कापडाने पुसत बसायचा त्या कापडाचा. ठशाची नळी आता खुर्चीकडे नव्हती, जिन्याकडे होती, आणि मुठीशी तांदूळ खाली खचून ठसा तिरपा झाला होता. म्हणजे मागचा भाग खोल आणि पुढचा वर उचललेला.

जिन्याच्या वर इलाची खोली आहे.

सुशांत आल्याबरोबर मी म्हणाले, "कंपनीला फोन कर. विचार काय चाललंय."

त्याने स्पीकरवर लावला. पलीकडची बाई गोड होती, त्या धंद्यातल्या माणसांना असावं लागतं तेवढी. तिने थांबायला लावलं, मग म्हणाली की आमच्या कारागिराला दोष सापडत नाही. सगळे भाग ठीक आहेत. फक्त एक विचारायचं होतं, सर, ते पाण्यात पडलं होतं का? भिजलेला फोन तांदळात ठेवतात, तसं तुम्ही हे तांदळात ठेवलं होतं का?

सुशांत ओशाळून म्हणाला, "एकदा. थोडा वेळ."

"कारण आम्ही दरवेळी साफ करतो," ती म्हणाली, "आणि दरवेळी उघडलं की आत तांदूळ असतात."

ती हसली. सुशांतही हसला. 

५

"ते परत आणू नकोस," मी म्हणाले.

"वेड लागलंय का तुला? मी महिन्यातून दोनदा मिडलंडला जातो. मी नसताना तुमच्याकडे बघायला कोण आहे इथे? नऊ-एक-एकला फोन करून पोलीस येईपर्यंत?" त्याचा आवाज चढला, मग एकदम उतरला. "तुम्हा दोघींना काही झालं तर मी काय करू, मृणाल?"

मला त्याची फार दया आली. एवढा मोठा इंजिनिअर, हजारो मैल लांब येऊन घर केलं, आणि त्या घराला साधी कडी घातल्याचा भरवसा त्याला वाटत नव्हता. पण मी त्याला हाताला धरून पाटाशी नेलं. "तूच माप घे. तू घेतलंस तर मी ऐकीन."

तो शनिवार होता. भिंतीवर फोटो सरळ लावायला त्याच्याकडे लेझरचं यंत्र आहे, त्यातून सरळ लाल रेघ पडते. त्याने एसीच्या झरोक्याला टेप लावली, रोबो झाडू कपाटात कोंडला, ठशाच्या रेषेत यंत्र ठेवलं. लाल ठिपका जिन्याच्या वरच्या कठड्यावर पडला. इला वर झोपली होती.

"कठड्यामागे तिची खोली आहे म्हणून तुला वाटतं," तो म्हणाला. "बाथरूमही तिकडेच आहे."

थोड्या वेळाने इला खाली आली, दूध घेतलं, सोफ्यावर पाय पसरून मोबाइल बघत बसली. आम्ही दोघं स्वयंपाकघरात. मी कांदा चिरत होते, तो उगाच भांडी पुसत होता. जेवणघरात कोणीही नव्हतं. खर्रक्, खट. त्याच्या हातातलं ताट सिंकमध्ये पडलं.

आम्ही गेलो तेव्हा लेझरची रेघ जिथल्या तिथे कठड्यावर होती. ठसा मात्र त्या रेघेवर नव्हता. त्याने यंत्र उचललं, नव्याने ठशाच्या रेषेत धरलं. ठिपका सोफ्याच्या पाठीवर, उशीवर हलत हलत गेला आणि इलाच्या कानामागे थांबला. तिथे तिचे केस फार मऊ आहेत. अजूनही तेल लावताना मी तिथे बोट थांबवते.

"बाबा, इज दॅट अ लेझर?" ती मागे वळून म्हणाली. "स्टॉप इट ना."

सुशांतने यंत्र बंद केलं. सोमवारी ऑफिसला जायच्या आधी त्याने कंपनीला फोन केला आणि पिस्तूल परत नको म्हणून सांगितलं. ठेवून घ्या, मोडीत काढा, काय हवं ते करा. दोन-तीन दिवसांत त्यांनी कळवलं की काम झालं. त्याचे तुकडे केले होते.

६

आता ते येणार नव्हतं. पण बसवलेलं अजून बसलेलंच होतं. उत्तरपूजा करायला हवी होती, आणि तीही वस्तूशिवाय.

दुपारीच करायचं ठरवलं. सुशांत घरून काम करत होता, इलाला शाळेला सुट्टी होती. मी इलाला बोलावलं नाही. नमस्काराला बोलवायचं तोंड माझ्याकडे नव्हतं. निरांजन लावलं, पाटासमोर बसले, ठशावर हळद-कुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. अक्षता टाकल्या. मला तिचं वाकवलेलं डोकं दिसत होतं, माझ्या तळहाताखाली तिच्या मानेचा तो कडकपणा. आपल्या लेकराची मान आपण कशापुढे वाकवतो आहोत, एवढं तरी मी बघायला हवं होतं. रडू आवरेना.

इला केव्हा येऊन शेजारी बसली कळलं नाही. "आई, व्हाय आर यू क्रायिंग?"

"त्या दिवशी मी तुला जबरदस्ती केली. तू नको म्हणत होतीस. तुझंच बरोबर होतं."

"इट्स ओके," ती म्हणाली. मग जरा थांबून मराठीत म्हणाली, "मी विसरले पण." विसरली नव्हती. पण तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं, आणि त्या क्षणी मला वाटलं, सुटलो आपण यातून.

उत्तरपूजेत वस्तू जराशी हलवतात. वस्तू नव्हती, म्हणून मी पाटच हलवला. हात जोडले आणि तोंडातून आपोआप आलं, गणपती उठवताना, गौरी उठवताना, लहानपणापासून दरवेळी येतं ते. मग मी तांदूळ गोळा केले, कापड झटकलं, पाट धुऊन भिंतीला उभा केला. जेवणघर एकदम मोठं वाटायला लागलं.

सुशांत चहाचा कप घेऊन उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी रंग आला होता. "शेवटी काय म्हणालीस गं?" त्याने सहज विचारलं.

"नेहमीचंच. पुनरागमनाय च."

"म्हणजे?"

"म्हणजे, आता जावं आणि पुन्हा परत..."

मी बोलता बोलता थांबले. त्याने कप टेबलावर ठेवला. आमच्या दोघांमध्ये उभी राहून इला फ्रिजमधून संत्र्याचा रस काढत होती.

७

पुढचे काही दिवस काही झालं नाही. दिवाळी झाली. करंज्या बिघडल्या, चकल्या बऱ्या झाल्या. मंडळाच्या कार्यक्रमात इला नाचली. सुशांत म्हणाला, "तू फक्त सवयीने म्हणालीस. अर्थ मनात नव्हता." मी हो म्हणाले. पण देवाला जे सांगतो ते सवयीनेच तर सांगतो सगळे, आणि तरी ते पोचतं असं मानतो.

मग एका दुपारी इला शाळेतून आली आणि डोकं दुखतंय म्हणून वर जाऊन झोपली. थोड्या वेळाने मी आल्याचा चहा घेऊन गेले. पडदे उघडे होते, खोलीत लख्ख ऊन होतं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती, केस उशीवर पसरलेले. तिच्या पाठीमागे पलंग अर्धा रिकामा होता. तिची पिवळी रजई तिथे सपाट पसरलेली होती.

सपाट नव्हती. मधोमध खोलगट झाली होती. मूठ. चापाभोवतीची कडी. नळी. रजईच्या सुरकुत्या त्या खळग्यात ओढल्या गेल्या होत्या, आणि मी बघत असताना तो खळगा किंचित आणखी खोल झाला.

नळी तिच्या कानामागे होती.

चहा मी कुठे ठेवला आठवत नाही. ओरडावं, तिला ओढून काढावं, असं वाटलं. पण ती उठून बसली, दुसऱ्या खोलीत गेली, दुसऱ्या घरी गेली, तरी काय होणार होतं ते मी जेवणघरात इतके दिवस बघितलं होतं. मी हात पुढे केला. खळग्याच्या वर हवा थंड होती, आणि तेलाचा वास आला. खर्रक् असा आवाज झाला. दुसरा आवाज आला नाही. ओढून धरलं होतं, सोडलं नव्हतं.

मी पलंगावर चढले आणि त्या दोघांच्या मध्ये आडवी झाले. तिच्या पाठीला माझं पोट, तिच्या कानामागे माझा गाल. माझ्या पाठीत, मणक्याच्या जरा डावीकडे, काहीतरी गार आणि गोल टेकलं. मी तिच्या अंगावरून हात टाकला.

ती झोपेतच चुळबुळली. "आई, गरम होतंय. मूव्ह ना जरा."

"झोप तू," मी म्हणाले.

"तिकडे एवढी जागा आहे. सरक ना."

मी सरकले नाही.